अंगुस्तानाचा ठसा

जुल्फाच्या आर्मेनियन वस्तीत कुणाचं घर किती जुनं, असं कुणी विचारत नाही; रांजण किती जुना, असं विचारतात. गालुस्त सोनाराच्या तळघरातला रांजण त्याच्या पणजोबांनी आणवलेला. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आत माणूस उभा राहील एवढा. दर वर्षी त्यात घरची वाईन व्हायची, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात चर्चमध्ये नवरानवरीच्या ओठांना लागणारा पेला त्याच रांजणातून भरला जायचा. गेल्या हिवाळ्यात गालुस्त गेला. त्याच्या हातची शेवटची वाईन त्याच्याच नावाने घातलेल्या जेवणात संपली आणि रांजण रिकामा झाला.

या घरात वाईन करायची ती पुरुषांनी. बायका द्राक्षं निवडायच्या, तुडवायच्या, रांजण घासायच्या आणि वर पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, की आमच्या यांनी यंदा वाईन काय झकास केलीय! वाईन मुरायला ठेवली की रांजणाच्या तोंडावर लाकडी झाकण बसायचं, कडेने गवत कालवलेली माती लिंपली जायची आणि त्या ओल्या मातीवर घरचा कर्ता आपली खूण उमटवायचा. गालुस्तची खूण म्हणजे त्याच्या अंगठीवरचा पक्षी. वाईन चांगली निघाली तर तो ठशाचा तुकडा तळघराच्या दारावरच्या कोनाड्यात मानाने जायचा, बिघडली तर उकिरड्यावर. कोनाड्यात गालुस्तच्या वडिलांची खूण होती, आजोबांची होती, आणि गालुस्तचे पक्षी तर थव्याने बसले होते.

आता मुलाचं, हेराचचं, लग्न ठरलं होतं. नाताळ उरकला की लगेच, जानेवारीत. आणि पेला कुठून भरायचा, हा प्रश्न गालुस्तची थोरली बहीण झाबेल हिने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सोडवूनही टाकला.

"त्यात विचार कसला करायचा? आमच्या ओनिकभाऊजींकडून आणू. त्यांची वाईन अख्खं जुल्फा पितं." ओनिक हा झाबेलचा दीर.

"ओनिकभाऊजींची वाईन ओनिकभाऊजींच्या घरच्या लग्नात," गालुस्तची बायको वार्तुश म्हणाली. "माझ्या मुलाचा पेला याच घरातून भरेल."

"कोण करणार? हेराच तेहरानला. त्याला सुट्टी मिळते लग्नापुरती."

"मी करीन."

झाबेलने साखरेचा खडा दातात धरला होता तो तसाच राहिला. मग ती हसली. तिचं हसणं आवाजाने कमी आणि भुवयांनी जास्त असायचं.

"तू? अगं वार्तुश, तुझ्या माहेरी, फेरेदानात, द्राक्षं पिकतात की नुसतेच बटाटे?"

"बटाटेच, वन्सं. पण या घरात येऊन तीस वर्षं तुमच्या भावाची द्राक्षं कुणी तुडवली? बटाट्यांनी?"

वार्तुशचं हे असं होतं. ती शिवणकाम करायची, जुल्फातल्या निम्म्या नवरीमुलींचे झगे तिच्या हातचे. टाका उसवेल पण शब्द मागे घेणार नाही, अशी तिची ख्याती होती. बोलून बसली खरी, पण झाबेल गेल्यावर तळघरात उतरून त्या रांजणाच्या काळ्या तोंडाकडे बघत तिने आपल्याला काय काय येतं ते बोटांवर मोजलं. तुडवणं तिला ठाऊक होतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं गालुस्त करायचा, आणि गालुस्तला कुणाला काही शिकवायची सवय नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "बघ ना, दिसतंय की."

हेराचने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. 'नवशिक्यांसाठी घरगुती वाईन.' त्यात कुणी एक गोरापान माणूस काचेच्या बरणीशी लाडीगोडी करत होता. एका हातात तापमान मोजायची नळी, दुसऱ्या हातात कसलीशी पुडी. वार्तुशने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मुलाला कळवलं, की आपला रांजण या माणसाच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठा आहे.

पुढे जे झालं ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. ऑगस्टच्या मध्यात मरियममातेच्या सणाचा रविवार येतो. त्या दिवशी चर्चमध्ये द्राक्षांच्या टोपल्यांना आशीर्वाद मिळतो, आणि त्याआधी आर्मेनियन माणूस नव्या हंगामाचं द्राक्ष तोंडात घालत नाही. पोरंसुद्धा घालत नाहीत. निदान आईला दिसेल असं नाही. वार्तुशने जन्मात हा नेम मोडला नव्हता. तिच्या आईने तिला शिकवलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक, आणि वार्तुशला या गोष्टीचा अभिमान होता.

सणाला आठवडा असताना शेजारणीने बातमी आणली, की सण झाला की ओनिक पिकअप घेऊन हाजी रहमतच्या बागेत जाणार आणि सगळा माल उचलणार. गालुस्तही द्राक्षं हाजी रहमतच्याच बागेतून आणायचा. वार्तुशने शिवणयंत्रावरचा झगा तसाच टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाग गाठली.

घड काळेभोर लटकत होते. हाजीने एक तोडून पुढे केला. "खाऊन बघा, बहिणी."

"आमचा सण व्हायचाय, हाजी."

"मग सण झाल्यावर या ना. द्राक्षं कुठे पळून जातायत?"

"द्राक्षं नाही पळत. ओनिक पळवतो."

हाजी रहमतने खांदे उडवले. तो हज करून आलेला धार्मिक माणूस होता, आणि द्राक्षं विकताना दर वर्षी एक प्रश्न न चुकता विचारायचा. तो त्याने याही वेळी आकाशाकडे बघत विचारला. "व्हिनेगरसाठीच ना?"

"व्हिनेगरसाठीच," वार्तुशने गंभीरपणे उत्तर दिलं. गालुस्तही असंच उत्तर द्यायचा. एवढ्याने दोघांचाही धर्म राहायचा आणि टोपल्या पिकअपमध्ये चढायच्या.

तिने द्राक्षं एकटीने तुडवली. दगडी कुंडात गुडघ्यापर्यंत लाल होऊन, गालुस्तचं नाव घेत, झाबेलचं नाव घेत, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी. एकदा एक थेंब उडून ओठावर आला, तो तिने चटकन बाहीला पुसला. जिभेला लागू दिला नाही. सालींसकट रस रांजणात गेला, दुसऱ्या दिवशी आत फसफसायला लागलं, आणि वार्तुशला वाटलं, हे तर जमलं की! उगाच एवढी वर्षं पुरुषांनी नखरे केले.

रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद झाला. प्रत्येकाच्या हातावर छोटा घड आला. वार्तुशने डोळे मिटून पहिलं द्राक्ष खाल्लं. कुणीतरी शिराझहून आणलेली द्राक्षं होती ती, मधासारखी गोड. त्याच चवीवर ती घरी आली, अंगावरचा चांगला ड्रेसही न बदलता तळघरात उतरली, ओगराळं बुडवलं आणि घोट घेतला.

तिचे डोळे आपोआप मिटले. दात आंबले, कानशिलं आवळली. नुसता आंबट रस! वरून काळी झालेली द्राक्षं आतून अजून पिकायचीच होती, आणि हे कळायला एक, फक्त एक द्राक्ष खाणं पुरे होतं. जगातल्या कुठल्याही बाईने बागेत उभ्याउभ्या चार तोंडात टाकली असती. हिने देवाचा नेम पाळला आणि अख्खा रांजण आंबट करून ठेवला.

ती पायरीवर बसली आणि रडली. नवरा गेल्यावर लोकांसमोर रडली नव्हती ते सगळं त्या आंबट रसाने बाहेर काढलं.

"आई, सोपं आहे," हेराच फोनवर म्हणाला. "साखर घाल. व्हिडिओतला माणूससुद्धा घालतो."

"त्या माणसाच्या कोनाड्यात काय आहे?"

"कसला कोनाडा?"

"मग झालं तर."

साखर घातलेली वाईन तिला चालली असती, इतर कुणाच्या लग्नात. स्वतःच्या मुलाच्या पेल्यात तिला शंका नको होती. आणखी एक गोष्ट तिने गालुस्तच्या तोंडून ऐकलेली होती, की वाईनच्या रांजणात एकदा व्हिनेगर झालं तर रांजण कायमचा वाया जातो. तेव्हा रस लवकरात लवकर बाहेर काढायला हवा होता. तिने बादल्यांनी तो उपसला, अंगणातल्या जुन्या पिंपात भरला, आणि मग रांजणात दोरीने पेटती मेणबत्ती सोडली. ती विझली. आत अजून रस फसफसताना सुटलेली जीव घेणारी हवा होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली, पुन्हा विझली. मेणबत्ती तळापर्यंत जाऊन जळत राहिली तेव्हा वार्तुशने कंबर कसली, शिडी लावली आणि घासणी घेऊन आत उतरली.

आणि नेमकी तेव्हाच झाबेल आली.

"वार्तुश? अगं कुठे आहेस?"

"इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"रांजणात, वन्सं."

वरून बुटांचा आवाज जवळ आला. मग रांजणाच्या तोंडाशी झाबेलचं डोकं दिसलं. अंगणातलं पिंप तिने येताना पाहिलं होतं, वास घेतला होता, आणि तिला सांगायला काही उरलं नव्हतं.

"आंबट?"

"आंबट."

"सणाच्या आधी आणलीस. न चाखता."

"हो."

वार्तुश आता भुवयांच्या हसण्याची वाट बघत होती. खाली गुडघ्यांवर बसून, चिकट केसांनी, दिव्याच्या उजेडात, याहून वाईट अवस्थेत माणूस काय सापडणार? पण झाबेल हसली नाही.

"मी ओनिकभाऊजींना सांगते, लग्नापुरती वाईन बाजूला ठेवा म्हणून."

"सांगा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी इथे या. माझं झाकण आधी उघडायचं. नाही आवडली तर त्यांची आहेच."

"तुझं झाकण? आता कशाचं झाकण?"

"हंगाम अजून संपला नाही."

झाबेल उठली. तिच्या बुटांचा आवाज दारापर्यंत गेला आणि परत आला. डोकं पुन्हा दिसलं.

"तळाशी डाव्या हाताला एक खड्डा आहे. गाळ तिथे लपतो. बोटांनी काढ, घासणी पोचत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "लहानपणी मलाच उतरवायचे. गालुस्त भित्रा होता, अंधारात रडायचा."

खड्डा होता. गाळही होता. वार्तुशने तो बोटांनी काढला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिला नणंदेचा राग आणायला थोडे कष्ट पडले.

थंडीची चाहूल लागल्यावर ती पुन्हा हाजी रहमतकडे गेली. ओनिक केव्हाच माल घेऊन गेला होता. हाजीला तिने आधी चांगलं फैलावर घेतलं.

"अहो, तुम्ही सांगायचं ना मला, द्राक्षं कच्ची आहेत म्हणून!"

"मी घड हातात दिला होता, बहिणी. तुमचे मालक यायचे ते सणानंतर महिन्याने यायचे आणि उभ्याउभ्या अर्धी टोपली फस्त करायचे. या वेलीचं, त्या वेलीचं. मला वाटायचं, केवढा हावरट माणूस! तुम्ही आलात आणि एकही खाल्लं नाही. मी म्हटलं, या वर्षी खरंच व्हिनेगर करणार असतील."

वार्तुशला हसू आवरेना. गालुस्त रात्री घरी येऊन पोट दुखतं म्हणायचा, आणि ती त्याला पुदिन्याचा काढा करून द्यायची, इतकी वर्षं! बघ ना, दिसतंय की, असं म्हणणारा माणूस जे दाखवायचं तेच बागेत एकटा उरकून येत होता.

"वरच्या बाजूला थोडी आहेत अजून," हाजी म्हणाला. "पाणी कमी पोचतं तिथे. घड बारीक आहेत, कुणी घेतले नाहीत."

ती वर गेली आणि खात सुटली. या वेलीचं, त्या वेलीचं. साली चावल्या, बिया दाताखाली फोडून पाहिल्या. हिरव्या निघाल्या ती वेल सोडली, तपकिरी निघाल्या तिथे टोपली ठेवली. बोटं एकमेकांना चिकटायला लागली, हनुवटीवरून रस ओघळला, गांधीलमाश्या मागे लागल्या. हाजी खाली उभा राहून बघत होता.

"आता कसं!" तो म्हणाला. मग त्याला आपलं कर्तव्य आठवलं. "व्हिनेगरसाठीच ना?"

"ते झालंय, हाजी. तुमच्यासाठी बाटली आणलीय." आणि खरोखरच तिने पिशवीतून व्हिनेगरची बाटली काढून त्याच्या हातात दिली. ऑगस्टच्या आंबट रसाचं झणझणीत, स्वच्छ व्हिनेगर. हाजी रहमतने बूच काढून वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाचं त्याला पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं होतं.

या वेळी वार्तुशने तळघरातच खुर्ची नेली. साली फुगून वर आल्या की तुतीच्या दांडक्याने खाली दाबायच्या, पुन्हा वर आल्या की पुन्हा दाबायच्या; सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि झगे शिवता शिवता मध्येच आठवण आली तरी. रोज चाखायची. गोडी रोज थोडी कमी व्हायची आणि तिच्या जागी काहीतरी दुसरं यायचं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. ती रांजणाला कान लावून बसायची. आवाज आधी उकळत्या मटणाच्या भांड्यासारखा होता, मग कुजबुजण्यासारखा झाला आणि मग थांबला. तिने साली काढल्या, पिळल्या, झाकण बसवलं, माती लिंपली.

आणि तिथे हात थांबला. खूण कसली? गालुस्तची अंगठी तिने वितळवायला दिली होती. त्याच सोन्यातून हेराचच्या नवरीची अंगठी घडत होती. पक्षी आता राहिला नव्हता. माती सुकत चालली होती. वार्तुशच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान होतं, शिवतानाच उठून आली होती. तिने ते तसंच ओल्या मातीत दाबलं. एक गोल उमटला, आत बारीक ठिपक्यांची रांगोळी. वर जाताना तिने मागे वळून पाहिलं, आणि उगाच मान ताठ केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर बर्फ होतं. हेराच आला होता, त्याची नवरी शुशिक आली होती, तिचे आईवडील आले होते. झाबेल शेवटी आली. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली ओनिकची मोठी बाटली. ती तिने सगळ्यांना दिसेल अशी पायरीवर ठेवली.

झाकण फोडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, म्हणजे झाबेलचा. ती हातोडी घेऊन वाकली आणि थबकली.

"हे काय आहे? गालुस्तचा पक्षी कुठंय?"

"पक्षी शुशिकच्या बोटात चाललाय, वन्सं. हे माझं अंगुस्तान."

झाबेलने हातोडीची पकड बदलली. ठशाच्या कडेकडेने तिने माती हळू ठोकली, तुकडा अख्खा सुटला, तो तिने बाजूला ठेवला. झाकण उघडलं. वार्तुशने ओगराळं बुडवून पहिला पेला नणंदेच्या हातात दिला. मुलगा बघत होता, होणारी सून बघत होती, व्याही बघत होते. पायरीवरून ओनिकची बाटलीही बघत होती.

झाबेलने घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. दुसरा घेतला. मग पेला दिव्यासमोर धरून उगाचच रंग पाहिला. तेवढ्यात वार्तुशने सगळ्या संतांची नावं घेऊन टाकली.

"गालुस्तसारखी नाही," झाबेल म्हणाली.

हेराचची नजर पायरीवरच्या बाटलीकडे गेली, पण झाबेलचं अजून संपलं नव्हतं.

"गालुस्तची पहिली आंबट वाईन आम्ही लिंबाऐवजी कोशिंबिरीवर ओतली होती. बाबांनी त्याचा पक्षी माझ्यासमोर उकिरड्यावर फेकला. पोरगं तीन दिवस जेवलं नाही." तिने पेला रिकामा केला आणि वार्तुशपुढे धरला. "भर."

वार्तुशने भरला. या घरात झाबेलने दुसरा पेला कधी मागितला नव्हता, भावाकडेही नाही.

"आणि ओनिककाकांची बाटली?" हेराचने विचारलं.

"उद्या मटणात घाला," झाबेल म्हणाली. "चांगली आहे मटणाला."

सगळे एकदम बोलायला लागले. पेले फिरले, व्याही रांजणाभोवती प्रदक्षिणा घालून आले, शुशिकची आई विचारू लागली की तुम्ही हे शिकलात कुणाकडून. वार्तुशने तिचा पेला पुन्हा भरला. ती नुसती हसत होती. उद्या चर्चमध्ये तिच्या मुलाच्या ओठांना लागणारा पेला तिच्या हातचा होता. तिला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं, सगळ्या जुल्फाला, पार फेरेदानच्या बटाट्यांनासुद्धा.

या गडबडीत झाबेल उठली. खाली ठेवलेला मातीचा तुकडा तिने उचलला, रुमालाने त्याच्या कडा पुसल्या आणि दाराशी गेली. कोनाडा उंच होता. ती टाचा वर करून उभी राहिली. हेराच मदतीला धावला, त्याला तिने कोपराने बाजूला सारलं.

"सरका रे थोडे," ती भावाच्या पक्ष्यांना म्हणाली, आणि ते बोटाने हलकेच एका बाजूला ढकलून मधोमध अंगुस्तानाला जागा केली.